दारू सोडायची शाळा

सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मी रोज पीत होते आणि घरात कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती.

आम्ही उलव्याला राहतो, अकराव्या मजल्यावर. नवरा बंदरावर क्रेन चालवतो. त्याच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. मुलगी तेव्हा नववीत होती. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात होते. बिस्किटांना, सरबतांना, अगरबत्त्यांना लागणारे वास तिथे तयार होतात. व्हॅनिला नेहमीसारखा उतरलाय का, गुलाबात काही उग्र आलंय का, हे कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन नाकानं ठरवायचं, हे माझं काम. वीस वर्षं तेच केलं. लॅबमध्ये स्पिरिटचा वास दिवसभर असतो. त्यामुळे माझ्या अंगाला कसला वास येतोय, हे तिथे कुणी कधी विचारलं नाही. घरी मी 'आज लॅबमध्ये सांडलं' एवढं म्हटलं की भागायचं.

सुरुवात कधी झाली ते मला नीट सांगता येत नाही. मैत्रिणींच्या गेट-टुगेदरला मी घ्यायचेच, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मग साताऱ्याला माझी आई अंथरुणाला खिळली. दर शनिवारी मी जायचे, रविवारी परत यायचे. ती गेल्यावर शनिवार रिकामे पडले. त्या रिकाम्या शनिवारी मी पहिल्यांदा एकटीनं प्यायले. बरेच दिवस मी हेच कारण धरून बसले होते. आता नाही धरत. आई तर सगळ्यांच्याच जातात.

शनिवारचं रोजच्या संध्याकाळवर आलं, संध्याकाळचं दुपारवर. शेवटी ऑफिसच्या बॅगेतल्या स्टीलच्या बाटलीत लिंबूपाणी आणि व्होडका असं मिसळून मी ती दिवसभर जवळ ठेवायला लागले. कुठली दारू सगळ्यात कमी वास मारते हे मला माहीत असणार नाही तर कुणाला?

सासूबाई मोऱ्याच्या, उरणजवळच्या कोळीवाड्यातल्या. सासरे जाऊन खूप वर्षं झाली होती, मी त्यांना पाहिलंच नाही. सासूबाईंनी पाटी डोक्यावर घेऊन, लाँचनं भाऊच्या धक्क्याला जाऊन-येऊन मासे विकले आणि एकुलत्या एका मुलाला आयटीआय केलं. बोलणं कमी. मी घाटावरची, त्यांची भाषा मला पहिली दोन वर्षं अर्धीच कळायची. आमचं कधी भांडण झालं नाही, फार सख्यही नव्हतं. दिवाळीला आम्ही जायचो, गणपतीला त्या यायच्या, एवढंच.

त्या आल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. बाटली डायनिंग टेबलावर ठेवून चपला घालायला वळले. सासूबाईंना बीपीची गोळी घ्यायची होती. त्यांनी समोरची बाटली उचलली आणि गोळीबरोबर मोठा घोट घेतला.

मी दाराशी उभी राहिले.

त्यांनी घोट गिळला. झाकण घट्ट लावलं. माझ्याकडे न बघता बेसिनशी गेल्या, बाटली उलटी केली, दोनदा विसळली, माठातलं पाणी भरलं आणि माझ्या हातात दिली.

"पानी खराब झालंय," म्हणाल्या.

एवढंच. मी खाली उतरून कंपनीच्या बसमध्ये बसले आणि रबाळ्यापर्यंत ती बाटली मांडीवर धरून होते. आता सासूबाई मुलाला सांगणार, घर डोक्यावर घेणार, असं दिवसभर वाटत राहिलं. संध्याकाळी घरी आले तर त्या माझ्या मुलीला कोळंबी कशी साफ करतात ते दाखवत होत्या. नवऱ्याशीही नेहमीसारखं बोलत होत्या. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. खरं तर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी काय केलं, तर बाटली बॅगेतून बाहेर काढणं बंद केलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. नवऱ्याची सकाळची पाळी होती, म्हणून मी रजा घेतली. दहाला त्यांना दवाखान्यात बसवलं. सिस्टर म्हणाली, दोन तास लागतील. सासूबाईंना मी सांगितलं, बाराला न्यायला येते. मधल्या वेळात घरी जाऊन स्वयंपाक उरकावा असं मनात होतं. निदान स्वतःला मी तसं सांगितलं होतं.

जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. मी सोफ्यावर होते, माझ्या अंगावर चादर होती. समोर खुर्चीत सासूबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. माझ्या पायातल्या चपला काढून त्यांनी कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या होत्या.

त्या तीन वाजेपर्यंत बाकावर थांबल्या होत्या. सिस्टरनं माझ्या फोनवर सात वेळा रिंग दिली. मुलाला कळवायला त्यांनी तिला मनाई केली. मग डोळ्यात औषध घातलेलं, सगळं धुरकट दिसतंय, अशा अवस्थेत त्या रिक्षात बसल्या. सोसायटीचं नाव त्यांना सांगता येईना. खाली मेडिकल आणि समोर विमानतळाच्या कामाचं पत्र्याचं मोठं कुंपण, एवढ्या खुणेवर रिक्षावाल्यानं दोन चकरा मारून घर शोधलं. वॉचमननं त्यांना हाताला धरून वर आणलं. दार मी नुसतं लोटलेलं होतं.

मी उठून त्यांच्या पायाशी बसले. 'आई, चुकलं' एवढंच म्हणत राहिले. त्यांनी मला रडू दिलं. मग सावकाश बोलायला लागल्या. वीस वर्षांत त्या माझ्याशी एका वेळी इतकं कधी बोलल्या नव्हत्या.

सासरे समुद्रात बुडून गेले, असं आम्हाला सांगितलेलं होतं. ते खरं नव्हतं. ते दारूनं गेले, घरात, खाटेवर, पोट फुगून. माणसांत सांगायला बरं म्हणून समुद्राचं नाव पुढे केलं गेलं. दहा वर्षं सासूबाईंनी त्यांना शिव्या दिल्या, बाटल्या फोडल्या, माहेरी निघून गेल्या, नवस केले, एकदा तर खोलीत कोंडून घातलं.

"शिव्यांनी सुटत नाय, बाय," त्या म्हणाल्या. "मी लय दिल्या. तुना नाय देनार."

मग त्यांनीच सांगितलं, की मोऱ्याच्या लाँचवर ती चालवणारा एक तांडेल होता. त्याच्यासारखा पिणारा गावात दुसरा नव्हता. तो कुठेतरी मिटिंगला जायला लागला आणि त्याची सुटली. औषध नाही, बुवा नाही, नुसतं माणसांत बसायचं आणि बोलायचं. "तसली मिटिंग इथं पन असंल. तुज्या फोनवर बग."

मी फोनवर बघितलं. नंबर सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो दाबायला मला तीन दिवस लागले.

पलीकडून एका वयस्कर माणसाचा आवाज आला. त्यांनी अगदी सवयीनं विचारलं, "कोणासाठी, ताई? मिस्टरांसाठी?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

ते म्हणाले, "बरं केलंत फोन केलात." किती आणि कधीपासून ते त्यांनी विचारलं, मी पहिल्यांदाच कुणाला तरी खरा आकडा सांगितला. ते म्हणाले की एवढं रोज घेत असाल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका, अंगावर येतं, आधी डॉक्टर. मग मिटिंग. नेरूळला महापालिकेच्या एका शाळेत, गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाला, पहिला मजला. नाव नाही सांगितलं तरी चालतं. पैसे लागत नाहीत.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे नवऱ्याला सांगणं आलं. तो पाळीवरून येऊन चहा पीत होता. मी सगळं एका दमात सांगितलं, दवाखान्याचंही. मला वाटलं होतं, आईला तीन तास ताटकळत ठेवलं म्हणून तरी तो भडकेल. तो कपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्यामुळे का?"

मी नाही म्हटलं. तेच खरं होतं. त्याला ते पटायला मात्र पुढे बरेच महिने गेले.

मुलीला सांगायला मी तिच्या खोलीत गेले. ती गणितं सोडवत होती. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली की तिला माहीत होतं. सहावीपासून. शाळेत जाण्याआधी ती माझा कप हुंगून बघायची. "तू सांगशील म्हणून मी थांबले होते, मम्मी," एवढं बोलून ती पुन्हा वहीकडे वळली, पण पेन उचललं नाही. त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून तिच्या केसांना तेल लावलं.

डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, तपासण्या केल्या. तो आठवडा वाईट गेला. हात थरथरायचे, घाम यायचा, भिंतीवरचा रंग हलल्यासारखा वाटायचा. सासूबाई पेज करून चमच्यानं भरवायच्या आणि तेवढ्यापुरती आमच्यातली सासू-सून कुठे तरी निघून जायची.

पहिल्या गुरुवारी मी एकटी गेले. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून ओढणी डोक्यावरून घेतली होती. शाळेच्या पहिल्या मजल्यावर दोन वर्गांत दिवे लागले होते. कुणाला विचारायची हिंमत नव्हती. पहिल्या वर्गात पंधरा-वीस म्हातारी माणसं बसलेली दिसली, चेहरे शांत, समोर चहा. हेच असणार म्हणून मी आत जाऊन मागच्या बाकावर बसले. एक आजोबा हसून म्हणाले, या, या, नवीन मेंबर. मग त्यांनी सगळ्यांना हात वर करून एक-दोन-तीन म्हणायला लावलं आणि सगळे खो खो हसायला लागले.

तो ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब होता. उठून जाणं मला जमेना. अर्धा तास मी त्यांच्याबरोबर हात वर करून हसले. शेवटी त्यांनी मला ओळख करून द्यायला सांगितली. मी म्हटलं, सासूबाईंसाठी चौकशीला आलेय. त्यांनी फॉर्म दिला. भिंतीपलीकडून दुसऱ्या वर्गातले आवाज येत होते, एक माणूस काहीतरी सांगत होता आणि मधेच थांबत होता. त्या दारासमोरून मी मान खाली घालून जिना उतरले.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे टिपावे लागले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. रविवारी त्या माझ्याआधी तयार होऊन बसल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही नका, दगदग होईल. त्या म्हणाल्या, मना घरात बसून काय कराचा हाय.

आम्ही बसनं नेरूळला गेलो. शाळेच्या फाटकाशी वॉचमन बसला होता. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी त्याला खणखणीत आवाजात विचारलं, "दारू सोडवाची शाला कुठं हाय?"

रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वॉचमननं मात्र बूट कुठे ठेवायचे ते सांगावं इतक्या सहज सांगितलं, "पहिला माळा, डावीकडची दुसरी खोली. अजून पाच मिनटं हायेत."

जिन्यावर सासूबाई म्हणाल्या, विचारल्याशिवाय वाट कलत नाय. व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्या तिथे बसल्या. "मी हितंच हाय," म्हणाल्या. मी आत गेले.

तो दुसरीचा वर्ग होता. भिंतीवर पाढे, फळांची चित्रं, फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या. ठेंगण्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बारा-तेरा पुरुष बसले होते. बाई एकही नव्हती. मी दारात दिसल्यावर टेबलामागचे गृहस्थ उठले. आवाजावरून ओळखलं, फोनवरचे तेच. रबाळ्यालाच एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. पुढे मी त्यांना काका म्हणायला लागले. त्यांनी मला नाव विचारलं नाही. वर्गात मोठ्या माणसाची अशी एकच खुर्ची होती, त्यांचीच. ती त्यांनी पंख्याखाली आणून ठेवली आणि स्वतः बाकावर जाऊन बसले.

तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं. म्हणून त्या माणसांच्या गोष्टी मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की एकेक जण उठून आपलं बोलत होता, बाकीचे ऐकत होते, कुणी सल्ला देत नव्हतं, कुणी मधे बोलत नव्हतं. उरणकडचे एक मुसलमान गृहस्थ होते, दाढी पांढरी झालेली, हार्डवेअरचं दुकान असलेले. बोलताना त्यांचा आवाज भरून आला तेव्हा शेजारच्यानं नुसती पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली. माझी पाळी आली. मी मानेनंच नाही म्हटलं. काका म्हणाले, "ऐकलंत तेवढं पुरे. गुरुवारी या."

तिसऱ्या मिटिंगला मी बोलले. सगळे आपल्या बोलण्याची सुरुवात करताना 'मी पितो' किंवा 'मी दारुडा आहे' असं काही तरी म्हणायचे. मी उभी राहिले, बाकाच्या कडेला धरलं आणि म्हटलं, "मी पिते."

त्या वर्गात ते क्रियापद त्या रूपात पहिल्यांदाच ऐकलं गेलं असावं. मला वाटलं, आता यांचं माझ्याकडे बघणं वेगळं होईल. मग दुकानवाल्या चाचांनी, त्यांना पुढे मी चाचाच म्हणायला लागले, हळूच मान डोलावली, आपल्या घरातल्या कुणाचं ऐकावं तशी. काका म्हणाले, "थँक यू, ताई." मी खाली बसले. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी घाम पुसायला पदर पुढे केला.

त्या दर मिटिंगला यायला लागल्या. महिन्यात परत जायच्या होत्या, त्या राहिल्या. व्हरांड्यात नुसतं बसणं त्यांच्या हाताला मानवेना. एकदा घरून सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेऊन आल्या साफ करायला. वास हास्यक्लबापर्यंत गेला आणि वॉचमननं हात जोडले. मग त्या भिजवून मोड आलेले वाल घेऊन यायला लागल्या. दीड तासात एका पातेल्याचं बिरडं सोलून व्हायचं.

आत आलेल्या पुरुषांपैकी काहींच्या बायका त्यांना सोडायला यायच्या. कुणी खाली स्कूटरवर बसून राहायची, कुणी रस्त्यापलीकडे फेऱ्या मारायची. एकमेकींना ओळख द्यायच्या नाहीत. एके दिवशी सासूबाईंनी कठड्यावरून खाली वाकून एकीला हाक मारली, म्हणाल्या, वर ये बाय, वाल लय हायेत, एकटीनं सरत नाय. ती आली. पुढच्या गुरुवारी दोघी होत्या. मग चार. आत आम्ही बोलत असायचो आणि थांबलो की दाराबाहेरून सालं वाटीत पडल्याचा आवाज यायचा, कधी बायकांचं हळू बोलणं. एकदा त्यातल्या एकीला हुंदका आवरला नाही तेव्हा आत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडलं आणि काकांनी त्याला बाहेर जाऊ दिलं.

सगळं सरळ चाललं होतं असं नाही. दोन महिन्यांच्या आसपास लॅबमध्ये केकसाठीच्या रमच्या इसेन्सचा नमुना आला. त्यात दारू नसते, नुसता वास. मी पट्टी बुडवून नाकाशी नेली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. उरलेला दिवस मी काय केलं ते आठवत नाही. येताना कंपनीच्या बसमधून मी दोन स्टॉप आधी उतरले आणि बाटली घेतली. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून ठेवला आणि प्यायले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी म्हटलं, मी येत नाही, कुठल्या तोंडानं येऊ. सासूबाई पिशवी घेऊन दाराशी बसल्या होत्या. त्यांना वास आला होता, हे मला दिसत होतं. त्या म्हणाल्या, "बस चुकंल."

मी गेले. उभी राहून सांगितलं की काल मी प्यायले. साठ दिवस झाले होते, आता पुन्हा पहिल्यापासून. कुणी 'अरेरे' म्हटलं नाही. चाचा म्हणाले, त्यांचं तर चौदा वेळा पहिल्यापासून झालंय. काकांनी मिटिंगनंतर मला थांबवून विचारलं, की तुम्ही दिवसभर त्या वासात बसता, हे साहेबाला सांगितलंय का. ते म्हणाले, सगळं सांगू नका, तब्येतीचं कारण सांगा, पण जागा बदलून घ्या.

मी साहेबांना सगळंच सांगितलं. कारण अर्धं सांगायची मला आता भीती वाटत होती. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, तुमच्यासारखं नाक आमच्याकडे दुसरं नाही. आणि चार दिवसांनी मला कागदपत्रांच्या विभागात टेबल मिळालं. वीस वर्षं जे नाकानं केलं ते आता दुसरं कुणी करतं. सुरुवातीला मला हात कापल्यासारखं वाटायचं. अजूनही कधी लॅबच्या दारावरून जाताना संत्र्याचा वास आला, तर त्यात काय चुकलंय ते मला कळतं आणि मी पुढे जाते.

सहा महिन्यांनी सासूबाई मोऱ्याला परत गेल्या. घर बंद राहिलं की वाळवी लागते, असं त्यांचं म्हणणं. मी एकटी जायला लागले. व्हरांड्यातल्या बायका त्या गेल्या म्हणून पांगतील असं मला वाटलं होतं. पण त्या येत राहिल्या. काकांनी हेडमास्तरांना सांगून त्यांना शेजारची खोली मिळवून दिली. हास्यक्लबानं त्यासाठी आपली वेळ तासभर अलीकडे घेतली. कुणाकडे वाल असायचे, कुणाकडे मेथी. अडलं की त्या मोऱ्याला फोन लावायच्या, स्पीकरवर. सासूबाई फोनवर ओरडून बोलतात, त्यामुळे भिंतीपलीकडच्या आम्हालाही सगळं ऐकू यायचं आणि चाचा हसू दाबायचे.

मधल्या काळात आत दुसरी बाई आली. माझ्याहून लहान, सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी. दारातच थबकली. मी उठून तिच्याकडे गेले नाही, घाबरेल म्हणून. नुसती सरकून माझ्या बाकावर जागा केली. ती आली आणि बसली. तिचं सांगणं तिचं आहे, ते इथे नको.

माझं एक वर्ष पुरं झालं, त्या दिवशी सासूबाई मोऱ्याहून आल्या. वर्ष झालेल्या माणसाच्या घरचं कुणी दोन शब्द बोलतं, अशी तिथली रीत. नवऱ्यानं पाळी बदलून घेतली होती, मुलगीही आली होती. दोघांनाही बोलायचं होतं. पण सासूबाई उठल्या. त्या आतापर्यंत कधीच आत आल्या नव्हत्या. पदर खांद्यावरून घेऊन त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, माझ्याबद्दल काही बोलतील. माझं नावही त्यांनी घेतलं नाही.

"माजा घरवाला समुद्रात नाय गेला," त्या म्हणाल्या. "दारूनं गेला. मानूस चांगला व्हता. जाली विनायचा, पोराला खांद्यावर घेवून धक्क्यावर जायाचा. त्याला अशी शाला हाय ते कोनी सांगितलं नाय. मना पन ठावं नव्हतं."

एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांचा मुलगा, माझा नवरा, त्यांच्याकडे बघत होता. वडील समुद्रात गेले असंच तो आयुष्यभर सांगत आला होता, शाळेच्या फॉर्मवर, लग्नाच्या बोलणीत, मलाही. खरं त्याला माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नव्हतं. तो उठला, आईपाशी गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. सासूबाईंनी त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. काकांनी चष्मा काढून पुसला. शेजारच्या खोलीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या.

त्यानं बदलून रात्रीची पाळी घेतली होती, तो तिथून थेट बंदरावर गेला. मुलगी रात्रीच्या क्लासला गेली. आम्ही दोघी बसनं निघालो. सासूबाई खिडकीपाशी बसल्या. खाडीचा पूल यायच्या आतच त्यांचा डोळा लागला आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. केसांना खोबरेल तेलाचा आणि थोडा सुक्या मासळीचा वास होता. उलव्याचा आमचा स्टॉप आला. मी त्यांना उठवलं नाही. बस शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली. कंडक्टर येऊन म्हणाला, मावशी, उतरा आता. सासूबाई जाग्या झाल्या, इकडेतिकडे बघितलं आणि कुठं आलो म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग आम्ही रिक्षा करून मागे घरी आलो.